आधी लंगोट, मग थेंब: तान्ह्या बाळाचं पोट आणि प्रोबायोटिक

परवा एक नवे बाबा आले. डोळ्यांत झोप नाही, हातात औषधांची पिशवी. पिशवीतून तीन वस्तू निघाल्या: थेंबांची एक बाटली, पुड्यांचं एक पाकीट आणि जुलाब झाले की मोठी माणसंही पितात ती पाच मिलीची प्लास्टिकची कुपी. थेंब शेजाऱ्यांनी सुचवलेले, पुड्या मावशींनी, कुपी मेडिकलवाल्याने आपणहून हातात ठेवलेली. "सिस्टर, यातलं चांगलं प्रोबायोटिक कुठलं?" (प्रोबायोटिक म्हणजे पोटाला चांगले म्हणून दिले जाणारे जिवंत जंतू.) बाळ नऊ दिवसांचं होतं. मी म्हटलं, "बाटल्या राहू द्या. लंगोट आणलाय का?"

लंगोट होता, सुदैवाने धुवायचा राहिलेला. पातळ पिठल्यासारखी पिवळी शी, त्यात तिळाएवढे पांढरट कण, वास जरा आंबूस. यापेक्षा चांगला रिपोर्ट कुठल्या लॅबने दिला नसता. तिन्ही वस्तू परत पिशवीत गेल्या.

प्रसूती वॉर्डात आणि नंतर स्तनपान समुपदेशनात इतकी वर्षं गेली, पण हा प्रश्न एवढ्या वेळा विचारला जायला लागला तो अलीकडेच. म्हणून पहिल्यांदा आईबाप होणाऱ्यांसाठी क्रमाने लिहिते. थेंबांचा नंबर बराच खाली आहे, धीर धरा.

पोटात काय चाललेलं असतं

पोटात असेपर्यंत बाळाचं आतडं जवळजवळ जंतूविरहित असतं. जन्माच्या वाटेवर, आईच्या कातडीवरून, दुधातून, घरच्यांच्या हातांवरून जंतू आत शिरतात आणि काही दिवसांत आतड्यात गाव वसतं. आधी येतात ते आतला प्राणवायू वापरून संपवतात. मग ज्यांना प्राणवायू चालत नाही ते बिफिडोबॅक्टेरिया येऊन बस्तान मांडतात. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ऑंरी तिसिए यांनी सन १९०० च्या सुमारास अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीतून हे जंतू पहिल्यांदा वेगळे काढले. टोकाशी फाटा फुटलेले, म्हणून 'बिफिडो'.

हे जंतू जगतात कशावर? आईच्या दुधात लॅक्टोज आणि चरबी यांच्या खालोखाल जो घन पदार्थ असतो, त्या आहेत खास प्रकारच्या साखरांच्या साखळ्या, सुमारे दोनशे प्रकारच्या. बाळाला त्या पचतच नाहीत. मग दुधात कशाला? त्या बाळासाठी नाहीतच, बिफिडोसाठी आहेत. आई बाळाला वाढते आणि त्याच पंगतीत आतल्या पाहुण्यांचंही पान मांडते. पाहुणे जेवतात, आम्ल तयार करतात, आणि त्या आंबटपणात त्रासदायक जंतूंना पाय रोवता येत नाही.

हे एवढं डोक्यात ठेवलंत तर पुढचं बरंचसं आपोआप कळेल. बाटलीतले थेंब म्हणजे नुसते पाहुणे. पान वाढणारं कुणी नसेल तर ते आले तसे जातात.

पायरी १: पहिला तास आणि चीक

जन्मानंतर तासाभरात बाळ छातीशी लावा. पहिले दोन-तीन दिवस येणारं घट्ट, पिवळसर दूध म्हणजे चीक. तो "जड असतो, बाधतो" म्हणून पिळून टाकणाऱ्या बायका मी अजून बघते, आणि दर वेळी जीव हळहळतो. त्या साखळ्या चिकात सर्वांत जास्त असतात, आणि आतड्याच्या अस्तरावर पहारा देणारी प्रतिपिंडंही.

"पण सिस्टर, येतंय कुठे? थेंबभर तर येतंय." तेवढंच यायचं असतं. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी साधारण २ ते १० मिली पितं, म्हणजे अर्धा ते दोन छोटे चमचे. दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा पाजत राहिलात की तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती भरून येते. या मधल्या दिवसांत घाबरून वरचं दूध सुरू होतं आणि सगळी घडी विस्कटते. दोन-तीन दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं तेही ठरलेलंच. जन्मवजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत उतरू शकतं आणि दोन आठवड्यांत भरून निघतं. उतार दहाच्या जवळ जायला लागला तर मात्र पाजणं नीट होतंय का हे कुणाकडून तरी समोर बसून तपासून घ्या.

सिझर झालं असेल तर? सिझरच्या बाळांच्या आतड्यात सुरुवातीला कातडीवरचे आणि दवाखान्यातले जंतू जास्त सापडतात, हे खरं आहे. काही महिन्यांत हा फरक बराचसा पुसला जातो, हेही खरं आहे. म्हणून सिझरच्या प्रत्येक बाळाला थेंब द्यायलाच हवेत असं काही नाही. टाके दुखत असले तरी कुशीवर झोपून पाजता येतं, नर्सला हाक मारा, लावून देईल. आईच्या योनिमार्गातला स्राव कापसाने बाळाच्या तोंडाला पुसायचा, असा एक प्रकार मधे परदेशातून आपल्या फोनवर येऊन पोचला होता. त्यातून आईचा एखादा संसर्ग बाळाला लागू शकतो, आणि अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये संशोधनाबाहेर हे करू नका असं स्पष्ट सांगितलं. घरी तर मुळीच नको.

पायरी २: लंगोट वाचायला शिका

ही या लेखातली सर्वांत महत्त्वाची पायरी. एक वही घ्या, किंवा फोनमध्ये लिहा. तारीख, वेळ, शी की शू, रंग. दहा-बारा दिवस पुरे.

पहिला-दुसरा दिवस: काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट शी. पुसता पुसत नाही, आधीच खोबरेल तेलाचं बोट फिरवून ठेवलं तर सोपं जातं. बहुतेक बाळांना ती पहिल्या २४ तासांत होते. ४८ तास उलटले आणि एकदाही झाली नाही, तर "होईल हळूहळू" म्हणत बसायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं. आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जातंतूच्या पेशी नसणं हे त्याचं एक कारण असतं आणि ते तपासावंच लागतं.

तिसरा-चौथा दिवस: हिरवट-तपकिरी, मधली अवस्था. याच दिवशी फोन येतात. "सिस्टर, हिरवी झाली, सर्दी उतरली का?" नाही हो, रंग बदलतोय. दूध पोचायला लागल्याची ती खूण आहे.

पाचव्या दिवसापासून, म्हणजे पाचवी पुजायच्या सुमाराला, शी पिवळी व्हायला हवी. पातळ, रवाळ, पिठल्यासारखी. अंगावर पिणारं बाळ दर पाजण्यानंतर शी करू शकतं, दिवसाला आठ-दहा वेळासुद्धा. हे जुलाब नव्हेत. बाळ मजेत आहे, पितंय, शू होतेय, वजन वाढतंय, तर संख्या मोजणं सोडा. जुलाब म्हणजे रोजच्यापेक्षा एकदम पाण्यासारखी, लंगोटात नुसतं पाणी झिरपलेलं आणि कण नाहीत.

आणि मग साधारण सहाव्या आठवड्यात उलटाच प्रकार. दिवसाला सहा वेळा करणारं बाळ चार-चार दिवस शीच करत नाही. फक्त अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळाने या वयात आठवडाभर शी केली नाही आणि केली तेव्हा ती मऊच होती, तर तो मलावरोध नाही. इथे घरातली मोठी मंडळी विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून किंवा साबणाची कांडी करून तयारच असतात. नको. आतली कातडी फार नाजूक असते, साबणाने ती भाजल्यासारखी होते. पोट मऊ आहे ना, वारा सरतोय ना? मग थांबा. पोट फुगलेलं, टणक, बाळ दूध ओकतंय किंवा पीत नाही, तर ती वेगळी गोष्ट. मग देठ नको आणि थेंबही नकोत, थेट डॉक्टर.

लंगोट कधीकधी उगाच घाबरवतो, त्यातल्या दोन गोष्टी सांगून ठेवते. पहिल्या दोन-तीन दिवसांत शूच्या जागी विटकरी-गुलाबी भुकटीसारखा डाग दिसतो. ते रक्त नव्हे, शूमधले क्षार असतात. पाचव्या दिवसानंतरही दिसत राहिला तर दूध कमी जातंय असं समजा. आणि मुलगी असेल तर पहिल्या आठवड्यात पुढून थेंबभर रक्त येऊ शकतं. आईच्या संप्रेरकांचा अंमल ओसरल्यामुळे ते होतं, दोन-चार दिवसांत थांबतं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत निदान सहा ओले लंगोट हवेत. डायपर लावत असाल तर त्यात शू कळत नाही, म्हणून हे पहिले दिवस तरी सुती लंगोटच बरे.

आता एक रंग मात्र पाठ करा: पांढरा. खडूसारखी, राखेसारखी किंवा भिजवलेल्या शाडूसारखी शी, आणि बाळाची कावीळ दोन आठवडे झाले तरी उतरत नाही. पित्ताची वाट बंद असण्याची ती खूण असू शकते. तिच्यावर शस्त्रक्रिया असते, तिचं नाव कासाई. नाव ऐकून दचकू नका, ते मोरिओ कासाई या जपानी सर्जनचं आडनाव आहे. ती बाळ ६० दिवसांचं व्हायच्या आत झाली तर यश येण्याची शक्यता चांगली असते. तैवानमध्ये तर २००४ पासून प्रत्येक आईला शीच्या रंगांचं कार्ड देतात, आपल्या बाळाची शी त्याच्याशी ताडून बघायला. आपल्याकडे दिवसाउजेडी फोनवर काढलेला लंगोटाचा फोटो ते काम करतो. बल्बच्या पिवळ्या उजेडात काढू नका, रंग फसवतो.

पायरी ३: तोंडात काय जाऊ द्यायचं नाही

सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही, वैशाखातही नाही, आईच्या दुधात पाणी भरपूर असतं. डॉक्टरांनी सांगितलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब आणि लसी एवढाच अपवाद. सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात तोंडावाटे मिळणारी रोटाव्हायरसची लस ही पोटाचीच राखण आहे, ती चुकवू नका.

मध चाटवणं हा आपल्याकडचा जुना संस्कार. एक वर्षापर्यंत तो बोटावरही नको. मधात बोट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात. तुमच्या-माझ्या आतड्यात भरलेलं गाव असतं, तिथे त्यांना रुजायला जागाच मिळत नाही. तान्ह्याच्या आतड्यात अजून अर्धी घरं रिकामी असतात. तिथे ती रुजतात, विष तयार करतात आणि बाळ लुळं पडायला लागतं. सुरुवात बहुधा मलावरोधाने आणि क्षीण रडण्याने होते.

गुटीवर वाद घालायला मला आवडत नाही, कारण सहाणेवर गुटी उगाळणारा आजीचा हात प्रेमाचाच असतो. पण ती सहाण एकदा निरखून बघा. खाचांत कालचं वेखंड, परवाचं हळकुंड, वर फडक्याने पुसल्याचा ओलावा. मुरुडशेंग किती वेढे उगाळली, जायफळ किती, याचं माप नाही, आणि जायफळ जास्त उगाळलं गेलं की बाळ गुंगतं. "बघा, गुटी दिली की कसं शांत झोपतं" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. शिवाय गुटीच्या दोन चमच्यांनी तेवढं दूध मागे हटतं. ग्राइप वॉटर, गुळाचं पाणी, सोनं उगाळून, ओव्याचा अर्क, सगळ्यांना हेच लागू.

सासूबाईंना कसं सांगायचं? एक बाई मला म्हणाल्या होत्या, "तुम्हा नर्सांना काय कळतंय, माझी चार पोरं गुटीवरच वाढली." मी म्हटलं, "खरंय काकू, तुमच्या हाताखाली वाढली. आता तुम्ही सुनेला तेल लावा, अळिवाची खीर करून घाला, बाळाची गुटी आईच्या पोटातून जाऊ दे." रागाने बघितलं, पण दुसऱ्या दिवशी खीर आली. भांडण टाळायचं तर आजीच्या हाताला दुसरं काम द्यावं लागतं.

हिंगाचा लेप? नाळ गळून बेंबी पूर्ण कोरडी होईपर्यंत तिला काहीही लावायचं नाही, ना हिंग, ना तेल, ना हळद. नंतर बेंबीभोवती बाहेरून लावलात तर माझी हरकत नाही, फायदा झाला तर आजीचा.

पायरी ४: हात

छोटी पायरी. बाळाला घेण्याआधी साबणाने हात, बारशाला आलेल्या पाहुण्यांनीसुद्धा. नखं कापलेली. दूध काढून पाजायची वेळ आली तर वाटी-चमचा किंवा बोंडलं घ्या, धुऊन दहा मिनिटं उकळा. बाटली-निपल शक्यतो नकोच, निपलच्या आतल्या वळ्यांत साय बसते ती कितीही घासली तरी राहते. काही कारणाने डब्याचं दूध द्यावं लागलं तर अपराधी वाटून घेऊ नका. शी जरा घट्ट आणि तपकिरी होईल, वासही वेगळा येईल. पावडरीचं माप डब्यावर दिलंय तेच घ्या, "जरा दाट" करू नका. डब्यात प्रोबायोटिक आहे म्हणून जास्त पैसे मोजायची गरज मला तरी दिसत नाही.

पायरी ५: संध्याकाळचं रडणं

थेंबांच्या बाटल्या घरात येतात त्या बहुतेक या रडण्यामुळे. दोन-तीन आठवड्यांचं बाळ दिवेलागणीला सुरू होतं, तोंड लालबुंद, गुडघे पोटाशी, मुठी आवळलेल्या, आणि काही केल्या थांबत नाही. १९५४ मध्ये वेसेल या अमेरिकन डॉक्टरांनी त्याचं माप घातलं ते अजून वापरतात: दिवसाला तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त, आणि असे तीन आठवडे. सहाव्या आठवड्यात कळस, तीन-चार महिन्यांत आपोआप बंद.

आधी भूक, ओला लंगोट, उकाडा आणि बोटाला गुंडाळला गेलेला केस हे बघा. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका, पायाच्या बोटाला आईचा लांब केस आवळलेला मी स्वतः सोडवलाय. मग खांद्यावर उभं धरून ढेकर काढा. हाताच्या कोपरापासून तळव्यापर्यंत बाळाला पालथं झोपवा, पोट तुमच्या हातावर, डोकं कोपरात, आणि असं धरून घरात फिरा. दिवा मंद करा. कुणीतरी दुसरं घेईल तर तासभर द्या आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत जा. रडण्याने जीव मेटाकुटीला आला की बाळाला पाळण्यात सुरक्षित ठेवून पाच मिनिटं बाहेर पडा. बाळाला गदागदा हलवायचं नाही, कधीही नाही.

इथे एका जंतूचा खरा उपयोग दिसलाय: लॅक्टोबॅसिलस रॉयटेरी, वाण (म्हणजे त्या जंतूची ठरावीक पोटजात) डीएसएम १७९३८. इटलीत तुरिनच्या डॉक्टरांनी अंगावर पिणाऱ्या बाळांना रॉयटेरी दिला तेव्हा रडण्याचा वेळ कमी झाला. मेलबर्नला १६७ बाळांवर पाहिलं, २०१४ मध्ये छापलं, त्यात डब्याचं दूध पिणारीही बाळं होती, तिथे फायदा दिसला नाही. पुढे सगळ्या अभ्यासांचे आकडे एकत्र केले तेव्हा चित्र स्पष्ट झालं: फक्त अंगावर पिणाऱ्या बाळांना फायदा होतो, डब्याच्या दुधावरच्या बाळांबद्दल तसं म्हणता येत नाही. पंगतीतल्या पानाची गोष्ट आठवली का?

पायरी ६: थेंब द्यायचेच ठरले तर

ठरवायचं डॉक्टरांनी. मेडिकलवाल्याने नाही, मावशीने नाही, मीही नाही.

बाटलीवर जंतूचं नाव तीन तुकड्यांत हवं: आडनाव, नाव आणि वाणाचा क्रमांक, जसं वर लिहिलं तसं. नुसतं "लॅक्टोबॅसिलस" लिहिणं म्हणजे पाकिटावर "पाटील, कोल्हापूर" एवढाच पत्ता लिहिण्यासारखं आहे. एका वाणाचा गुण दुसऱ्यात असेलच असं नाही. त्याखाली एका मात्रेत किती जिवंत जंतू, म्हणजे सीएफयू, ते पाहा. रॉयटेरीच्या अभ्यासांत रोज पाच थेंब, त्यात दहा कोटी जंतू, असा डोस होता. मग मुदत आणि ठेवायची जागा. फ्रिजमध्ये ठेवा लिहिलं असेल तर फ्रिजच्या दारात नको, तिथे सतत उघडझाप होते. घरी नेताना गाडीच्या डिकीत तासभर तापलेली बाटली गेली कामातून.

देताना बाटली जोरात हलवा, थेंब स्वच्छ चमच्यात घ्या आणि काढलेल्या थोड्या कोमट दुधातून किंवा तसेच गालाच्या आतल्या बाजूला सोडा. ड्रॉपर बाळाच्या ओठाला लावून परत बाटलीत घालू नका. गरम दुधात घातलं तर जंतू मरतात आणि तुम्ही थेंबांतलं नुसतं महागडं तेल पाजता. बाळाला अँटिबायोटिक चालू असेल तर दोन्हींत दोनेक तासांचं अंतर ठेवतात. आठवडा-पंधरवड्यात वहीत काही फरक दिसला नाही तर डॉक्टरांना विचारून बंद करा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर गुण कशाचा आणि दोष कशाचा ते कधीच कळत नाही.

आणि ती पाच मिलीची कुपी? तिच्यात बॅसिलस क्लॉसी नावाच्या जंतूची बीजं असतात. जुलाबात ती सर्रास दिली जाते. पण दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला खरे जुलाब झाले तर कुपी फोडून वाट बघायची नसते, बाळ दाखवायचं असतं, अंगावर पाजणं चालू ठेवून.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा मामला पूर्ण वेगळा. त्यांच्या आतड्याचं अस्तर कच्चं असतं, आणि आतड्याचा भाग सडत जाणारा एक भयंकर आजार त्यांना होऊ शकतो. तो टाळायला काही नवजात अतिदक्षता विभागांत प्रोबायोटिक देतात, आणि बऱ्याच अभ्यासांत त्याचा फायदाही दिसला आहे. दुसरीकडे, २०२३ मध्ये अमेरिकेत एक किलोपेक्षा कमी वजनाचं एक बाळ दगावलं, त्याच्या रक्तात सापडलेला जंतू त्याला दिलेल्या प्रोबायोटिकमधलाच होता. औषधांवर देखरेख करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, एफडीएने, त्यानंतर सगळ्या रुग्णालयांना सावध केलं. म्हणजे जे पूर्ण दिवसांच्या बाळाला पाहुणा, ते या बाळाला दरोडेखोर ठरू शकतं. हा निर्णय त्या विभागातल्या डॉक्टरांचा, घरून नेलेली बाटली तिथे काढायचीच नाही. तुमच्या हातात आहे ते दूध काढून देणं आणि कांगारूसारखं छातीशी धरणं. आईचं दूध नसेल तर दूधपेढीचं. आशियातली पहिली मातृदूधपेढी १९८९ मध्ये मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, आता राज्यात ठिकठिकाणी आहेत, चौकशी करा.

कुणी ओडिशाच्या अभ्यासाचा दाखला देईल, तो खरा आहे. डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी तिथल्या खेड्यांतल्या ४,५५६ नवजात बाळांपैकी निम्म्यांना आठवडाभर लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचं एक वाण दिलं. त्याच्यासोबत त्याचं खाणं म्हणून एक साखरही दिली. रक्तात संसर्ग होणं किंवा मृत्यू हे प्रमाण न दिलेल्यांत ९ टक्के होतं, दिलेल्यांत ५.४. हे २०१७ मध्ये छापून आलं तेव्हा मलाही आनंद झाला. पण नीट वाचा: बाळं जवळपास पूर्ण दिवसांची, दोन किलोंच्या वरची आणि आईचं दूध पिणारी, आणि वाण नेमकं ठरलेलं. तुमच्या पिशवीतली बाटली म्हणजे ते वाण नव्हे.

पायरी ७: बाळंतिणीचं ताट

दही-ताक खाल्लं तर बाळाला सर्दी होते, हे खरं नाही. दही खाल्लं तर त्यातले जंतू दुधातून बाळाला मिळतात, हेही धरून चालू नका. आवडत असेल तर ताज्या दह्याची वाटी आईच्या स्वतःच्या पोटासाठी घ्या. डाळ, पालेभाजी, भाकरी, डिंकाचा लाडू, भरपूर पाणी. कोबी-वांगं-हरभरा सगळं बंद करून बाळंतिणीला नुसत्या मऊभातावर ठेवणं बंद करा. तिला स्वतःला त्रास होत असेल तेवढंच टाळावं.

पायरी ८: वही मिटून निघायचं केव्हा

उलटी गवतासारखी हिरवी. ही सर्वांत तातडीची, आतड्याला पीळ पडलेला असू शकतो, अशा वेळी तासांचा हिशेब असतो. शीमध्ये रक्त. पोट टणक आणि चकचकीत. बाळ पिणं सोडून देतं किंवा हलवलं तरच हलतं. काखेत ताप ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ फॅरनहाइट, किंवा वर. अंग गार, ३५.५ सेल्सिअसच्या खाली. मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाते. झटके. तळपाय पिवळे. यातलं एकही दिसलं तरी रात्र आहे, पाऊस आहे म्हणून सकाळ होऊ देऊ नका. १०८ ला फोन करा. सरकारी रुग्णालयात आजारी तान्ह्याचे उपचार मोफत असतात, जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांचा खास विभाग असतो. वाटेत बाळ छातीशी उघड्या कातडीला लावून, वरून शाल.

आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. चहा द्याच, पण वहीही दाखवा. त्या वजन करतात, ताप बघतात, आणि लंगोटाला नाक मुरडत नाहीत.

सहा महिने पूर्ण झाले की वरण-भात, नाचणीची पेज, मऊ मुगाची खिचडी सुरू होते आणि शीचा रंग, वास, घट्टपणा सगळंच एका आठवड्यात बदलतं. तेव्हा पुन्हा फोन येतात. त्याच दिवसांत दह्यालाही हरकत नाही. दूध उकळून कोमट झाल्यावर स्वच्छ चमच्याने विरजण लावायचं, सकाळी लागलेलं, अजून आंबट न झालेलं दही दुपारी एक चमचा, बिनसाखरेचं. पहिल्यांदा तोंड वेंगाडतात. दुसऱ्या चमच्याला वाटी ओढतात.